डावीकडचा खालचा कोपरा

घारीला जगात दोन गोष्टींची चीड होती. एक, बोट फिरवून ट्रे तपासणाऱ्या बायका. दुसरी, तिची धाकटी बहीण.

कारखाना इंजेक्शनच्या बाटल्यांचा. अंगठ्याएवढ्या, रिकाम्या, काचेच्या. एका ट्रेमध्ये साठ. टेबलाखालून पांढरा उजेड, त्यावर ट्रे सरकत यायचा, आणि तपासणारणीला आठ सेकंद मिळायचे. तेवढ्यात चीर दिसली पाहिजे, बुडबुडा दिसला पाहिजे, आणि सगळ्यात हरामखोर प्रकार म्हणजे झोका, तोही दिसला पाहिजे. झोका म्हणजे बाटलीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला काचेचा धागा, केसाहून बारीक. तो तुटून औषधात पडला तर सुईतून थेट कुणाच्या तरी अंगात. खराब बाटलीवर तांबड्या खडूने फुली मारायची आणि ती खालच्या पिंपात फेकायची. भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं: न तपासलेला ट्रे नापास समजावा.

बाकीच्या अकरा जणी ओळीओळीने बघायच्या, काचेवर बोट फिरवत, ओठ हलवत. घार तसं बघायची नाही. ती ट्रेच्या बरोबर मध्यावर नजर ठेवायची, एकदाच, आणि खराब बाटली आपोआप टोचायची तिला. साठातली एक. मान न हलवता, बुबुळ न हलवता. आठ सेकंदांचं काम तीन सेकंदांत. तेवीस वर्षं. म्हणून घार. हे नाव कुणी ठेवलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते तिने अंगावर दागिन्यासारखं मिरवलं होतं.

"बोट काय फिरवतेस गं, पोरांचे केस विंचरतेयस का?" हे तिचं नव्या बाईचं स्वागत.

ती शिफ्टची मुकादम होती, म्हणजे शिफ्टची कागदपत्रंही तिच्याकडे. त्यात वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचे फॉर्म यायचे. फाटकाजवळच्या दवाखान्याच्या खोलीत बाहेरून डॉक्टरांची माणसं यायची, यंत्रं मांडून बसायची. डोळ्यांच्या तपासणीला एकेका बाईची अर्धा तास खोटी. बारा जणींची सहा तास. तेवढ्यात ट्रे तुंबणार, शिफ्टचा आकडा पडणार, आणि साहेब घड्याळाकडे बघत तोंडाने च्च च्च करणार. सात वर्षांपूर्वी घारीने यावर तोड काढली. एकीला पाठवलं, तिचा फॉर्म भरून आला, आणि त्यावरून घारीने सगळ्यांचे भरले. दृष्टी उत्तम. डोळ्यातला दाब चौदा. सही. बाहेरच्या माणसांनाही घरी लवकर जायचं होतं, त्यांनी गठ्ठ्यावर धडाधड शिक्के मारले. साहेब म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून शिफ्ट चालते." पुढच्या वर्षापासून त्या एकीलाही पाठवायची गरज उरली नाही.

आणि डोळे कुणाचे तपासायचे? घारीचे? ती हसून हसून वाकली होती. "मी डोळ्यांवर पोट भरते. माझे डोळे तपासायला आधी तपासणाऱ्याचे डोळे बघावे लागतील."

आता धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही, कारण एकाच मांडवात दोन भावांशी लग्नं लागली होती. चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक भिंत मधे, एक नळ सामाईक, आणि बोलणं बंद. कारण आई. आई शेवटी धाकटीकडे होती. दारावर आपटायची, ताटातल्या डावीकडच्या वाटीला हात लावायची नाही, आणि वाढलंच नाही म्हणून रडायची. धाकटी म्हणाली, हिला मोठ्या दवाखान्यात नेऊ. घार म्हणाली, "वय झालंय तिचं. आणि अर्धी नाटकं आहेत, तुला कळत नाहीत." वय होतं अठ्ठावन्न. साठीला आईला काहीच दिसेना झालं आणि त्यानंतर दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग गेली. धाकटीने त्या दिवशी रडायच्या आधी एवढंच विचारलं होतं, "हेही नाटक का?"

धाकटीही त्याच कारखान्यात, पण टेबलावर नाही. ती तपासणीच्या खोलीत. तिचं काम म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणं. रोज शिफ्टमध्ये वीस खराब बाटल्या चांगल्या ट्रेमध्ये पेरायच्या, बुडाला न दिसणारी खूण करून, आणि पुढे किती पकडल्या, किती सुटल्या ते मोजायचं. या कामाबद्दल तिला कारखान्यात कुणी चहा पाजत नसे.

तेवीस वर्षांत घारीच्या नजरेतून पेरलेल्या बाटल्या सुटल्या असतील त्या चार. आणि आता गेल्या पाच महिन्यांत एकोणतीस.

साहेबांनी तिला खोलीत बोलावलं तेव्हा धाकटी आधीच तिथे उभी होती, हातात कागद घेऊन.

"मुकादमबाई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"ते तिलाच विचारा," घार म्हणाली. "मी ट्रे पुढे ढकलला की मागून बाटली घुसवते ती. मला बदनाम करायला."

"मी?" धाकटी म्हणाली. "मला तुमच्या नावाने बाटल्या घुसवायला वेळ नाही. तुमचं नाव घेतलं तरी मला आंघोळ करावीशी वाटते."

"बघा! बघा कशी बोलते! आणि म्हणे नियमाने काम करते."

"नियमानेच करते. म्हणून तर कागद आणलाय." धाकटीने कागद टेबलावर आपटला. त्यावर ट्रेचं चित्र, साठ चौकटी, आणि सुटलेल्या बाटल्यांच्या जागी टिंबं. एकोणतीस टिंबं. सगळी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, माशा बसाव्यात तशी.

"हे तूच काढलंस घरी बसून."

"मग इथे, साहेबांसमोर बघा. हिंमत आहे का?"

हिंमत आहे का, हे घारीला विचारायचं नसतं. साहेबांनी स्वतः ट्रे भरला. चार बाटल्यांत झोके होते, चार कोपऱ्यांत चार; तिला सांगितला तो फक्त आकडा. उजेड लावला. अकरा जणी दारातून डोकावत होत्या. घारीने मध्यावर नजर ठेवली. एक. दोन. तीन.

"तीन आहेत," ती म्हणाली. "वरच्या दोन आणि खालची उजवी. चौथी टाकलीच नाहीत तुम्ही. साहेब, मला मूर्ख बनवू नका."

दारातली एक बाई खोकली.

धाकटीने हात पुढे केला आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या बाटलीवर बोट ठेवलं. घारीने मान वळवली, आणि झोका लख्ख दिसला. जाड होता. नव्या पोरीलाही दिसला असता असा जाड.

घारीने तोंड उघडलं, काहीतरी घाणेरडं बोलायला. पण धाकटीच्या चेहऱ्याकडे बघून शब्द अडकले. धाकटी जिंकली होती आणि जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तोंड पांढरं पडलं होतं तिचं.

"ताई," चार वर्षांनी ती पहिल्यांदा म्हणाली. "आईची वाटी."

"गप्प बस," घार म्हणाली. "साहेब, हिला गप्प बसायला सांगा."

साहेबांना आई, वाटी यातलं काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की इंजेक्शनच्या बाटल्यांत काच गेली तर कारखान्याला टाळं लागेल. "डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणा," ते म्हणाले. "तोपर्यंत टेबलावर बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी घार डॉक्टरीणबाईंसमोर बसली ती भांडायच्या तयारीने. सोबत स्वतःच्या सात वर्षांच्या फॉर्मची फाईल. भिंतीवरचा तक्ता तिने वरून खाली धडाधड वाचला, सगळ्यात बारीक ओळसुद्धा, एकेक डोळा झाकून, आणि शेवटी तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचून दाखवलं.

"झालं? लिहा पास."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, किरकोळ, आवाज कोरडा. "आता हनुवटी इथे ठेवा."

"आता कशाला?"

"तक्ता फक्त मधलं बघतो. मला कडा बघायच्या आहेत."

डोळ्यात थेंब घातले, दाब मोजला, आत भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एक अर्धगोल पांढरं भांडं होतं, आडवं ठेवलेल्या घमेल्यासारखं. एक डोळा झाकायचा, भांड्याच्या मध्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं.

घारीला हसू आलं. मध्यावर नजर ठेवायची आणि कडेचं टिपायचं. हेच तर ती तेवीस वर्षं करत होती. हिने माझ्यासाठीच मशीन बनवलंय जणू!

बटण दाबायला सुरुवात केली. टक. टक टक. मग काही नाही. ती वाट बघत राहिली. भांडं पांढरंच. मशीनच्या आत काहीतरी खुर्र खुर्र फिरत होतं, पण ठिपका येत नव्हता. मग एक आला, टक. पुन्हा लांबलचक काही नाही.

"बाई, तुमचं मशीन बिघडलंय," ती ओरडली. "ठिपके मधेच बंद पडतात."

"ते चालू आहे," अंधारातून आवाज आला. "चालूच आहे."

त्या शब्दांनी घारीच्या हाताला घाम सुटला. बटण निसटायला लागलं. पुढचा पाव तास तिने आयुष्यात कधी बसली नसेल इतकं ताठ बसून काढला आणि पांढऱ्या भांड्याला मनातल्या मनात आईबहिणीवरून शिव्या घातल्या. ये. ये ना रे भडव्या. दिस.

नंतर डॉक्टरीणबाईंनी दोन कागद पुढे ठेवले. दोन गोल, दिसतं तिथे पांढरे, दिसत नाही तिथे काळे. डाव्या डोळ्याच्या गोलाचा खालचा भाग आणि बाहेरची कड काळी ठिक्कर. उजव्या डोळ्याचा फक्त नाकाकडचा खालचा तुकडा. दोन्ही एकावर एक ठेवले की दोन्हींत काळा उरत होता तोच कोपरा. धाकटीच्या कागदावरच्या माशांचा.

"काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस कडेकडेने मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

"मग ऑपरेशन करा. मोतीबिंदूचं करतात तसं."

"मोतीबिंदू वेगळा. तो काढला की दिसतं. हे गेलेलं परत येत नाही, कशानेच नाही. थेंब रोज घातलेत, वेळच्या वेळी दाखवलंत, तर आहे ते बहुतेक टिकवता येईल." मग त्यांनी फाईल ओढली. "पण मला हे कळत नाहीये. एवढं नुकसान व्हायला वर्षं लागतात. आणि तुमच्याकडे दर वर्षीची तपासणी आहे. गेल्या वर्षी दाब चौदा. त्याआधी चौदा. त्याआधी चौदा. आज डावीकडे एकतीस आहे, उजवीकडे सव्वीस. कोणी मोजलं हे?"

घारीने फाईलीवरचा शिक्का नखाने खरवडला.

"कोणत्या डॉक्टरने मोजलं? मला नाव सांगा, मी त्याची तक्रार करते."

"मी लिहिलं."

"काय?"

"मी लिहिलं. एकीचं चौदा आलं होतं. आकडा बरा दिसला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या असत्या तर घारीला सोपं गेलं असतं. रागाला राग देता येतो. त्या नुसत्या फाईलीकडे बघत बसल्या. "यातल्या एका वर्षी जरी तुम्ही खरंच त्या खोलीत जाऊन बसला असता," त्या म्हणाल्या, "तर हा काळा भाग..." आणि वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, "घरात कुणाला होतं?"

"आई. वयाने गेले तिचे."

"वयाने डोळे जात नाहीत बाई. भावंडं?"

"एक बहीण."

"तिला उद्या आणा. उद्या. सख्ख्या भावंडांना धोका सगळ्यात जास्त. तिची तपासणी तरी दर वर्षी होते का?"

धाकटीचं नाव शिफ्टच्या यादीतच होतं. बारा नव्हे, तेरा फॉर्म. सात वर्षं धाकटीच्या नावापुढेही तिनेच लिहिलं होतं, बोलणं बंद असतानाही, तोंडाने शिव्या देत देत: दृष्टी उत्तम, दाब चौदा.

नळावर धाकटी बादली भरत होती. घार समोर जाऊन उभी राहिली.

"उद्या माझ्याबरोबर यायचं. डोळे दाखवायला."

"मला काय झालंय? बोलावलं नाही तरी दर वर्षी फॉर्म पास होऊन येतो माझा. शिक्का असतो."

"तो मी मारून घेते."

"काय मारून घेतेस?"

"शिक्का. फॉर्म मी भरते. सगळ्यांचे. तुझाही. खोलीत कुणीच जात नाही."

बादली भरून वाहायला लागली. धाकटीने नळ बंद केला नाही.

"सात वर्षं?"

"सात."

"मी दिवसाला वीस बाटल्या पेरते," धाकटी अगदी हळू म्हणाली, "लोक मला कुत्री म्हणतात, तरी पेरते, कारण कुणाच्या तरी नसेत काच जाऊ नये. आणि तू इकडे माझ्या डोळ्यांवर खोटं लिहीत होतीस? आईचं बघून? आईचं बघूनसुद्धा?"

"मला कळलं नव्हतं आईचं."

"मी सांगितलं होतं! ओरडून सांगितलं होतं! तू म्हणालीस नाटकं." तिने बादली लाथेने उलटवली. पाणी दोघींच्या पायांवरून गेलं. "माझे गेले ना ताई, तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. भिंतीकडे तोंड करून. रोज. तू मला भरवायचंस."

"भरवीन," घार म्हणाली.

"तोंड बंद कर."

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. घार बाहेरच्या बाकड्यावर बसून बटण ऐकत होती. टक. टक. टक टक. मधे जरा शांतता झाली की तिचा श्वास अडकायचा. तिला माहीत होतं आत काय होतंय: पांढरं भांडं, खुर्र खुर्र, आणि ठिपका. बघ ना गं. दाब. टक. तेवीस वर्षांत तिने लाखो ट्रे पास केले असतील; एखादा पास व्हावा असं तिला कधी वाटलं नव्हतं. ट्रे पास झाला काय, नापास झाला काय, तिचा पगार तोच.

धाकटी कागद घेऊन बाहेर आली. दोन गोल, पांढरे, कडेपर्यंत.

"दाब सत्तावीस आहे," ती म्हणाली. "नस शाबूत आहे. थेंब आजपासून, जन्मभर. वेळेत सापडलं म्हणाल्या."

घारीने डोळे मिटले.

"सुस्कारा काय सोडतेस? नशिबाने वाचले मी. तुझ्यामुळे नाही. हे लक्षात ठेव."

"ठेवते."

"आणि रस्त्यात भेटलीस की मान फिरवून जायचीस चार वर्षं, मी डावीकडून येत असले की बघायचीसही नाही. मी समजायचे किती माज आहे या बाईला."

अर्ध्या वेळा माज होता. अर्ध्या वेळा काय होतं ते घारीला आत्ता कळत होतं, आणि कोणत्या अर्ध्या, हे आता कधीच कळणार नव्हतं.

सोमवारी साहेबांनी तिला पॅकिंगला टाकलं. खोकी चिकटवायचं काम, त्याला डोळ्यांचा कोपरा लागत नाही. तेवीस वर्षांची घार पाच मिनिटांत संपली, आणि तिच्या खुर्चीवर बोट फिरवणारी बसली. महिनाअखेरपर्यंत मुकादमकीचे कागद मात्र तिच्याकडेच होते, आणि त्याच दिवशी साहेब फॉर्मचा गठ्ठा घेऊन आले. फाटकाजवळच्या खोलीत यंत्रं मांडली होती.

"एवढं शेवटचं उरकून टाका मुकादमबाई. नेहमीसारखं."

म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं. दाखला त्याच्या खिशात होता. काळे गोल त्याने स्वतः पाहिले होते. आणि तरी नेहमीसारखं!

घारीने गठ्ठा घेतला. कमरेच्या पिशवीतून तांबडा खडू काढला, जो अजून परत केला नव्हता, आणि पहिल्या फॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.

"अहो! काय करताय काय?"

"नापास करतेय."

"वेड लागलंय का तुम्हाला? ते कंपनीचे कागद आहेत."

"आणि ती कंपनीची भिंत आहे," घार म्हणाली आणि खडूने भिंतीकडे दाखवलं. "वाचा. मोठ्याने वाचा, बायकांना ऐकू जाऊ दे. न तपासलेला ट्रे काय समजावा? या तेरा बायका सात वर्षांत तपासलेल्या नाहीत. तेरा नापास माणसं बसवलीत तुम्ही इंजेक्शनच्या बाटल्यांवर. बाहेर कळवू का कुणाला?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते सोडून दुसरं काही बघायला त्यांना सुचत नव्हतं. "शिफ्टचा आकडा..."

"घाला चुलीत."

ती टेबलाकडे गेली आणि उजेडाचा खटका खाली ओढला. टेबल विझलं. एका ओळीत बसलेल्या बायका बोटं काचेवर तशीच ठेवून तिच्याकडे बघायला लागल्या. यातल्या प्रत्येकीला तिने कधी ना कधी रडवलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "एकेक जणी जा. हनुवटी टेकवा म्हणाले की टेकवा, थेंब घालू द्या, आणि यंत्र बिघडलंय असं वाटलं तर ते बिघडलेलं नसतं. जिच्या आईचे, भावाचे कुणाचे डोळे गेलेत तिने आधी जा. आणि मला दुवा देऊ नका, तुमची सात वर्षं मीच खाल्लीत."

"ते दिसतंयच," सगळ्यात म्हातारी बाई उठता उठता म्हणाली. "दुवा कोण देतंय तुला?"

एकेक करून त्या गेल्या. एकीने जाताना मुद्दाम धक्का दिला. घारीला तो दिसला नाही, नुसता बसला. डावीकडून.

विझलेल्या टेबलापाशी ती एकटी उरली. तपासणीच्या खोलीचं दार डाव्या हाताला होतं. ते करकरलं, मग पावलं वाजली, थांबली. पुन्हा वाजायला लागली, पण पिंपांच्या मागून, लांबचा वळसा घेऊन. धाकटी टेबलाला फेरा घालून उजवीकडून आली आणि समोर उभी राहिली, जिथे पूर्ण दिसेल तिथे.

"सकाळचे थेंब घातलेस?"

"घातले."

"खोटं बोलतेस. दाखव बाटली. किती उरलंय ते बघते मी."